ग्रीनलँडने सामाईक बाजारपेठ सोडली तेव्हा

२ ऑक्टोबर १९७२ रोजी ग्रीनलँडच्या मतदारांनी युरोपीय आर्थिक समुदायात जायला नकार दिला. दहातल्या सात जणांनी ‘नको’ म्हटले. तरीही तीन महिन्यांनी, १ जानेवारी १९७३ ला, ग्रीनलँड त्या समुदायात दाखल झाले. मतदान ग्रीनलँडचे नव्हतेच, ते डेन्मार्कचे होते. डेन्मार्कमध्ये एकूण ६३ टक्क्यांहून अधिक मते सामील होण्याच्या बाजूने पडली. १९५३ च्या राज्यघटनेने ग्रीनलँडची वसाहत संपवून त्याला डेन्मार्कचा एक जिल्हा करून टाकले होते. पन्नास लाखांच्या देशापुढे जेमतेम पन्नास हजार वस्तीच्या जिल्ह्याचे मत मोजले गेले, नोंदले गेले आणि तिथेच राहिले.

पुढे २३ फेब्रुवारी १९८२ रोजी ग्रीनलँडने स्वतःचे वेगळे सार्वमत घेतले. सुमारे ७५ टक्के मतदान झाले आणि ५३ विरुद्ध ४७ टक्क्यांनी बाहेर पडण्याचा कौल मिळाला. दोन्ही बाजूंत फरक होता जेमतेम दीड हजार मतांचा. ब्रेक्झिटच्या गदारोळात अनेकांना या सार्वमताची आठवण झाली, पण ती सहसा एका वाक्यात आटोपते: मासे होते, म्हणून ते गेले. हे खोटे नाही. मात्र मासे १९७२ लाही होते. शिवाय मधल्या दहा वर्षांत समुदायाला असलेला विरोध वाढला नव्हता, घटला होता. सत्तर टक्क्यांवरून तो त्रेपन्नवर आला होता. विरोध जोरात असताना ग्रीनलँडला आत जावे लागले आणि तो ओसरत असताना ते बाहेर पडले. या सार्वमताचा आढावा घ्यायचा तर या कोड्यापासून सुरुवात करायला हवी.

कायद्याच्या काटेकोर हिशेबाने बाहेर पडण्याचा पहिला मान अल्जीरियाकडे जातो. फ्रान्सचा भाग म्हणून तो १९५७ च्या रोम कराराच्या कक्षेत होता आणि १९६२ मध्ये स्वतंत्र झाल्यावर समुदायापासूनही सुटला. पण तिथे लढाई स्वातंत्र्याची होती, समुदायात राहायचे का हे कोणी विचारले नाही. नेमक्या त्याच प्रश्नावर मत घेऊन निघालेला पहिला प्रदेश ग्रीनलँडच.

१९५३ नंतरची दोन दशके ग्रीनलँडसाठी घाईघाईने आधुनिक होण्याची होती. कोपनहेगनने पैसा ओतला, दवाखाने बांधले, क्षयरोग आटोक्यात आणला. त्याचबरोबर विखुरलेल्या वाड्यावस्त्यांतली माणसे उचलून किनाऱ्यावरच्या मोजक्या गावांत आणली. मासे गोठवण्याचे कारखाने तिथे होते आणि कारखान्यांना कामगार लागत होते. कुल्लिसात हे कोळशाच्या खाणीचे गाव खाण परवडत नाही म्हणून १९७२ मध्ये बंद करून रिकामे करण्यात आले, म्हणजे युरोपच्या मतदानाच्याच वर्षी. १९६४ च्या एका नियमाने सरकारी नोकरीतला पगार जन्मस्थानावर ठरू लागला. एकाच पदावर, एकाच कामासाठी डेन्मार्कमध्ये जन्मलेल्याला जास्त पगार आणि ग्रीनलँडमध्ये जन्मलेल्याला कमी. कागदावर समान नागरिक झालेल्या माणसाला रोज आरसा दाखवणारा हा नियम होता. कोपनहेगनला शिकायला गेलेल्या तरुण पिढीचे राजकारण अशा गोष्टींवर पोसले गेले.

त्या पिढीतले मोझेस ओल्सेन १९७१ मध्ये डेन्मार्कच्या संसदेवर, फोल्केटिंगवर, निवडून आले. तिथे ग्रीनलँडच्या वाट्याला दोन जागा आहेत. त्या वेळी येन्स ओटो क्राग यांचे सरकार ज्या काठावरच्या बहुमतावर उभे राहिले, त्यात ओल्सेन यांच्या पाठिंब्याचा मोलाचा वाटा होता. याच क्रागनी पुढच्या वर्षी डेन्मार्कला समुदायात नेले आणि ओल्सेन यांचा त्याला कडवा विरोध होता. डॅनिश लोकशाहीत ग्रीनलँडला आवाज नव्हता असे म्हणता येत नाही. एखादे सरकार तारण्याइतका आवाज होता, पण स्वतःच्या किनाऱ्याचा निर्णय स्वतः घेण्याइतका नव्हता.

जखम अधिक चिघळली ती शेजाऱ्यांकडे पाहून. फेरो बेटेसुद्धा डेन्मार्कच्याच राजमुकुटाखालची आणि तीही मासेमारीवर जगणारी. पण त्यांना १९४८ पासून होमरूल होते, त्यामुळे डेन्मार्क समुदायात गेला तेव्हा ती बाहेर राहू शकली. नॉर्वेने डेन्मार्कच्या आठवडाभर आधी सार्वमत घेऊन नकार दिला. तिथल्या उत्तर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा आक्षेपही ग्रीनलँडसारखाच होता. कारण असे की नव्या सदस्यांशी वाटाघाटी सुरू होण्याच्या तोंडावर, १९७० च्या जूनमध्ये, आधीच्या सहा देशांनी एक तत्त्व ठरवून टाकले होते: सर्व सदस्यांच्या बोटींना एकमेकांच्या पाण्यात सारखा प्रवेश. या सहा देशांच्या किनाऱ्यांवर मासे फारसे उरले नव्हते. ज्यांच्याकडे ते होते असे देश दारात उभे असताना घरातल्यांनी नियम बदलावा, याला चलाखीखेरीज दुसरे नाव देणे अवघड आहे. प्रवेशाच्या वेळी ग्रीनलँडसाठी काही तात्पुरत्या सवलती कागदावर आल्या, पण तत्त्व बदलले नाही.

फेरोंकडे होमरूल आहे म्हणून ती वाचली, हे ग्रीनलँडच्या नेत्यांनी नीट ध्यानात घेतले. १९७५ मध्ये होमरूलसाठी आयोग नेमला गेला. १७ जानेवारी १९७९ च्या सार्वमतात ७० टक्के लोकांनी त्याला होकार दिला आणि १ मे १९७९ पासून होमरूल लागू झाले. एप्रिलमधल्या पहिल्या निवडणुकीत सिउमुत या डावीकडे झुकणाऱ्या पक्षाला २१ पैकी १३ जागा मिळाल्या. लुथेरन पाद्री असलेले योनाथन मोट्झफेल्ड पहिले पंतप्रधान झाले. बाहेर पडण्याबाबत वेगळे सार्वमत घेण्याची तयारी तेव्हापासूनच सुरू झाली.

म्हणजे १९७२ आणि १९८२ च्या दरम्यान मतदारांच्या मनापेक्षा मोजणीची चौकट जास्त बदलली होती. पहिल्या वेळी ग्रीनलँडची मते डेन्मार्कच्या बेरजेत मिसळली गेली, दुसऱ्या वेळी त्यांचीच बेरीज झाली. माझ्या मते या सार्वमताचा गाभा हा आहे. ब्रुसेल्सवरचा राग त्यात होता, पण त्याहून जुना राग कोपनहेगनवरचा होता, आणि तो काढायला ब्रुसेल्स हे सोयीचे ठिकाण होते. डेन्मार्कपासून तुटायचे तर वार्षिक अनुदान, शाळा, इस्पितळे सगळेच पणाला लागले असते. समुदायापासून तुटायला तेवढी किंमत मोजावी लागणार नव्हती.

आता मासे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ग्रीनलँडचे जगणे सीलच्या शिकारीवर होते. १९२० च्या दशकात पश्चिम किनाऱ्याचे पाणी किंचित उबदार झाले, कॉड आला आणि शिकारी मच्छीमार झाले. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात या पाण्यातून वर्षाला चार लाख टनांहून अधिक कॉड निघत होता. पण त्यातला फार मोठा हिस्सा परदेशी ट्रॉलर नेत होते, स्थानिकांच्या लहान होड्यांना किनाऱ्यालगतचे तेवढे मिळत होते. मग पाणी पुन्हा थंड झाले, उपसाही बेसुमार झाला होता आणि दशक संपता संपता कॉड कोसळला. उरलेल्या कॉडवर आणि नव्याने हाती आलेल्या कोळंबीवर ग्रीनलँडची सारी भिस्त आली.

नेमक्या याच काळात आइसलँडने आपली हद्द टप्प्याटप्प्याने २०० मैलांपर्यंत वाढवली आणि ब्रिटिश व जर्मन ट्रॉलरना तिथून हाकलले. १९७७ मध्ये समुदायानेही आपल्या सदस्यांभोवती २०० मैलांची हद्द आखली. ग्रीनलँडभोवतीही ती आली, पण हे पाणी ‘समुदायाचे’ ठरले. त्यात कोणी किती मासे पकडायचे याचा कोटा ब्रुसेल्समध्ये मंत्र्यांच्या बैठकीत ठरे. त्या बैठकीत ग्रीनलँडच्या वतीने डेन्मार्कचा मंत्री बसे, आणि डेन्मार्क स्वतः मोठा मासेमार देश असल्याने त्याला उत्तर समुद्रातले आपले हितही सांभाळायचे असे. आइसलँडकडून हुसकावलेल्या पश्चिम जर्मनीच्या खोल समुद्रातल्या ट्रॉलरना ग्रीनलँडचा कॉड हवा होता, आणि त्या देशाने त्यासाठी चिकाटीने जोर लावला. ठरल्यापेक्षा जास्त कॉड जर्मन बोटींनी नेल्याच्या तक्रारी सार्वमताच्या आधीच्या हंगामांत ग्रीनलँडमध्ये गाजत होत्या. सार्वभौमत्व या पुस्तकी शब्दाला एरवी गावातल्या चौकात फारसे कोणी विचारत नाही. पण फिओर्डच्या तोंडाशी जर्मन ट्रॉलर उभा दिसला की तो शब्द कोणालाही समजावून सांगावा लागत नसे.

राहू या म्हणणाऱ्यांची बाजूही हलकी नव्हती, आणि ४७ टक्के मते काही वाट चुकून पडत नाहीत. लार्स केमनित्झ यांचा अतासुत पक्ष डेन्मार्कशी घट्ट नाते ठेवण्याच्या बाजूचा होता. त्यांचे म्हणणे सरळ होते. समुदायाच्या निधीतून रस्ते, बंदरे, प्रशिक्षण यांसाठी पैसा येतो आहे. माल विकायचा तो युरोपातच. बाहेर पडल्यावर आपल्या कोळंबीवर जकात बसली तर कारखाने बंद पडतील. होमरूल नुकतेच कुठे पाय टाकते आहे, त्याच्या डोक्यावर एवढे मोठे ओझे कशाला? विरोध दहा वर्षांत सत्तरवरून त्रेपन्नवर आला, त्यामागे या युक्तिवादाचा आणि प्रत्यक्ष आलेल्या पैशाचा हात नक्की असावा. सिउमुतचे उत्तर होते की पैसा मिळतो तो मदत म्हणून, आणि आपलेच मासे देऊन आपण मदत घेतो आहोत. त्यापेक्षा मासे विकू.

सरकारच प्रचारक असण्याचा पेच इथे होता. गोव्यात जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाआधी विलीनीकरणवादी बांदोडकर मंत्रिमंडळाला पायउतार व्हावे लागले होते. ग्रीनलँडमध्ये मोट्झफेल्ड यांचे सरकार खुर्चीवर राहूनच प्रचारात उतरले. आणखी एक गंमत फिन ल्युंगे यांची. कॅथलिक पाद्रीपद सोडून राजकारणात आलेले हे गृहस्थ १९७९ मध्ये सिउमुततर्फे युरोपीय संसदेवर निवडून गेले. डेन्मार्कच्या १६ जागांपैकी एक ग्रीनलँडसाठी राखीव होती. तिच्यावर बसून ल्युंगे यांनी ती जागाच रद्द व्हावी यासाठी काम केले.

कौल सल्लावजा होता, कारण परराष्ट्र व्यवहार कोपनहेगनच्या हातात होता. डेन्मार्कने तो मानला आणि मे १९८२ मध्ये करारदुरुस्तीचा प्रस्ताव ब्रुसेल्सपुढे ठेवला. तेव्हाच्या करारांत बाहेर पडण्याचे कलम नव्हते. ब्रेक्झिटमुळे सर्वतोमुखी झालेले कलम ५० लिस्बन करारासोबत २००९ मध्ये आले. त्यामुळे एकच मार्ग होता: मूळ करार दुरुस्त करायचे आणि प्रत्येक सदस्य देशाची मंजुरी मिळवायची. एका पायंड्यातून पुढे काय काय निघेल याची धास्ती काही राजधान्यांत होती. अखेर तोडगा निघाला तो थोडा चमत्कारिक. फ्रान्स, ब्रिटन, नेदरलँड्स यांच्या जुन्या वसाहती आणि दूरची बेटे यांच्यासाठी समुदायात ‘सागरापलीकडचे देश व प्रदेश’ असा एक वर्ग होता. ग्रीनलँडला त्यात घालण्यात आले. वसाहतीचा शिक्का पुसण्यासाठी निघालेला प्रदेश वसाहतींसाठी केलेल्या रकान्यात जाऊन बसला. कोणी फारशी कुरकूर केली नाही, कारण त्या रकान्यात सवलती चांगल्या होत्या.

घासाघीस झाली ती माशांवरच. अखेरच्या करारानुसार ग्रीनलँडची मासळी समुदायाच्या बाजारात जकातीशिवाय येणार होती, मात्र समुदायाच्या बोटींना ग्रीनलँडच्या पाण्यात समाधानकारक प्रवेश मिळाला तरच. या प्रवेशाबद्दल समुदाय वर्षाला २ कोटी ६५ लाख एक्यू मोजणार होता. एक्यू म्हणजे युरोच्या आधीचे युरोपचे हिशेबी चलन. ही रक्कम आधी समुदायाच्या निधीतून मिळणाऱ्या पैशाच्या आसपास जाणारी होती. काल जे जर्मन ट्रॉलर हक्काने येत होते ते आता भाडे भरून येणार होते, आणि ग्रीनलँडच्या खिशाला फारशी तोशीस पडणार नव्हती.

घरी मात्र या कराराने सरकार हलले. स्वातंत्र्यवादी डावा पक्ष इनुइत अताकातिगीत याला युरोपीय बोटींना दिलेली सूट मान्य नव्हती. बोटी बाहेर काढायला आपण मत दिले आणि करार करून त्यांना पुन्हा आत घेतले, असा त्यांचा आक्षेप होता. १९८३ च्या निवडणुकीनंतर सिउमुत आणि अतासुत यांच्या प्रत्येकी १२ जागा झाल्या होत्या आणि मोट्झफेल्ड यांचे सरकार इनुइत अताकातिगीतच्या दोन जागांवर तगून होते. १९८४ च्या जूनमध्ये मुदतीआधी निवडणूक घ्यावी लागली. तीनंतर इनुइत अताकातिगीत सरकारात सामील झाला. करार टिकला. १३ मार्च १९८४ रोजी त्यावर सह्या झाल्या होत्या. १ जानेवारी १९८५ चा मुहूर्त होता, पण आयर्लंडची मंजुरी लांबली आणि ग्रीनलँड प्रत्यक्ष बाहेर पडले ते १ फेब्रुवारी १९८५ ला. समुदायाचे क्षेत्रफळ एका दिवसात निम्म्याहून कमी झाले, लोकसंख्येत मात्र फरक जाणवण्याइतकाही नव्हता. त्याच वर्षीच्या २१ जूनला ग्रीनलँडने स्वतःचा झेंडा फडकवला.

मधल्या प्रतीक्षेच्या काळातच एक फटका बसला. सीलच्या पिल्लांच्या कत्तलीविरुद्ध युरोपात मोठी चळवळ उभी राहिली होती. मार्च १९८३ मध्ये समुदायाने पिल्लांच्या कातड्यांच्या आयातीवर बंदी घातली. इनुइतांची पारंपरिक शिकार त्यातून वगळली होती, पण गिऱ्हाईक काही नियमावली वाचून दुकानात शिरत नाही. सगळ्याच सीलच्या कातड्यांचे भाव पडले आणि उत्तरेकडच्या शिकारी वस्त्यांची रोकड आटली. सदस्य असल्याने या निर्णयात ग्रीनलँडला काही मिळाले नाही, आणि बाहेर पडल्याने त्याचा परिणामही टळला नाही. बाजार युरोपचाच राहिला, तेव्हा त्या बाजाराची मर्जीही राहिली.

बाहेर पडल्याने काय साधले? पैशाचे उत्तर सोपे आहे. १९९० च्या सुमारास कॉड पुन्हा नाहीसा झाला, तरी युरोपकडून येणारी रक्कम वाढत गेली. पुढच्या कराराच्या टप्प्यात ती वर्षाला ३ कोटी ४० लाख एक्यूंच्या वर होती. समुद्रात नसलेल्या माशांचे कोटे युरोप विकत घेत होता. युरोपच्याच लेखापरीक्षकांनी या ‘कागदी माशां’वर ताशेरे ओढले. पैसे खरे कशाचे होते हे सगळ्यांना ठाऊक होते: आर्क्टिकमधल्या एका मोठ्या शेजाऱ्याशी संबंध टिकवण्याचे. २००७ पासून हा बुरखा काढला गेला. मासेमारीचा करार वेगळा झाला आणि शिक्षणासाठी वर्षाला अडीच कोटी युरो वेगळे मिळू लागले. २०२१ ते २०२७ या काळासाठी ही भागीदारीची तरतूद २२ कोटी ५० लाख युरो आहे. जेमतेम ५७ हजार लोकांच्या प्रदेशासाठी ही रक्कम लहान नव्हे.

स्वायत्ततेचे उत्तर एवढे सरळ नाही. २००८ च्या सार्वमतात ७५ टक्क्यांहून अधिक लोकांनी होमरूलच्या पुढचे पाऊल मान्य केले. २१ जून २००९ पासून ग्रीनलँडकडे खनिजांचा अधिकार आला आणि स्वतंत्र होण्याचा हक्कही कायद्यात आला. पण डेन्मार्कचे वार्षिक अनुदान साडेतीन अब्ज क्रोनरच्या घरात होते आणि सरकारी खर्चाचा मोठा वाटा आजही त्यावरच चालतो. निर्यातीतले दहापैकी नऊ भाग अजून मासळीच आहे, मुख्यतः कोळंबी आणि हॅलिबट. युरोप सोडताना एक अवलंबित्व सुटले, दुसरे तसेच राहिले.

ब्रिटनमध्ये बाहेर पडण्याच्या समर्थकांनी ग्रीनलँडचे उदाहरण दिले, तेव्हा नेमके हेच पुसले गेले. ग्रीनलँडला वाटाघाट करायची होती ती जवळजवळ एकाच मालाची. डेन्मार्क आत राहून त्याची वकिली करत होता. डॅनिश नागरिक असल्याने ग्रीनलँडची माणसे युरोपीय संघाची नागरिक राहिली. त्यांच्या मुलाला कोपनहेगनला शिकायला किंवा बर्लिनला नोकरीला जायला काही आड आले नाही. डेन्मार्कचा आधार काढून घेतला असता तर ५३ टक्के मिळाले असते का, याची मला शंका आहे. ब्रिटनच्या आत डोकावले तर १९७२ च्या ग्रीनलँडचे नाते उलट स्कॉटलंडशी आणि उत्तर आयर्लंडशी लागते. २०१६ मध्ये दोघांनीही राहण्याचा कौल दिला आणि दोघांचाही कौल मोठ्या बेरजेत बुडाला. सीमेच्या गुंत्यामुळे उत्तर आयर्लंडसाठी निदान वेगळी व्यवस्था झाली. स्कॉटलंडसाठी तसे काही झाले नाही.

गेल्या काही वर्षांत वारा उलट दिशेने वाहू लागला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये युरोपीय संघाने ग्रीनलँडशी कच्च्या खनिजांबाबत करार केला, मार्च २०२४ मध्ये राजधानी नूकमध्ये आपले कार्यालय उघडले. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी २०१९ मध्ये ग्रीनलँड विकत घेण्याची भाषा केली तेव्हा जग हसले होते. २०२५ मध्ये तीच भाषा पुन्हा आली तेव्हा फारसे कोणी हसले नाही. मार्च २०२५ च्या निवडणुकीत स्वातंत्र्याबाबत सबुरीने घेणारा डेमोक्राटिट पक्ष पहिला आला आणि येन्स-फ्रेडरिक निल्सन पंतप्रधान झाले. युरोपशी पुन्हा जवळीक, क्वचित पुन्हा सदस्यत्व, हे शब्द आता नूकमध्ये उघडपणे ऐकू येतात.

पण १९७० सालचे ते तत्त्व अजून जागेवर आहे. सदस्य झाल्यावर २०० मैलांतल्या पाण्याचा कोटा पुन्हा ब्रुसेल्सच्या टेबलावर जाणार आणि आज युरोपीय बोटींकडून जे भाडे मिळते ते बंद होणार. संरक्षण, खनिजे, हवामान यांवर नूक आणि ब्रुसेल्स यांचे जुळायला फारशी अडचण नाही. कोळंबी आणि हॅलिबट यांचा अपवाद करारात लिहून द्यायला स्पेन किंवा जर्मनी तयार होत नाहीत, तोवर सदस्यत्वाचा प्रश्न मतपत्रिकेवर येण्याची चिन्हे नाहीत.